फ्रेंच सरदारांवरचे नाटक लिहिताना: दैव कधी पालटावे आणि मन कधी

जत्रेच्या नाटकासाठी किंवा गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी फ्रान्सच्या सरदारवर्गावर संहिता लिहायला घेणाऱ्या हौशी लेखकाची मोठी अडचण पोशाखाची किंवा नावांच्या उच्चारांची नसते. खरी अडचण अशी की, या वर्गाच्या आयुष्यात रावाचा रंक आणि रंकाचा राव इतक्या झटपट होई, की तो बदल जसाच्या तसा रंगमंचावर आणला तर प्रेक्षकाला तो ओढूनताणून आणलेला वाटतो. मग लेखक सोपी वाट धरतो: तिसऱ्या अंकात एक पत्र येते, पत्र वाचताच सरदार कंगाल होतो आणि त्याच क्षणी नायिकेच्या तिरस्काराचे प्रेम होते. दैव आणि मन अशी एकाच घंटेला फिरली की नाटक तिथेच पडते. माझ्या मते या विषयावरचे नाटक एकाच शिस्तीवर उभे राहते. दैव ज्या खुंटीवर टांगलेले आहे ती खुंटी प्रेक्षकाला आधी नीट दाखवावी, आणि दैव फिरते त्या क्षणी मन फिरवू नये; ते त्याआधी फिरवावे, नाहीतर पुष्कळ उशिरा.

म्हणून सुरुवात खुंटी ठरवण्यापासून करावी. क्रांतीपूर्वीच्या फ्रेंच सरदाराचे वैभव बहुधा राजाची मर्जी, उसना पैसा, विवाहाचा करारनामा किंवा जन्माने मिळालेली पदवी यांपैकी कशावर तरी अवलंबून असे, आणि यांतली प्रत्येक गोष्ट वेगळ्या तऱ्हेने तुटे. मर्जी तुटली की राजाचे मोहोरबंद पत्र येई. त्यावर राजाची सही आणि मंत्र्याची प्रतिस्वाक्षरी असे. खटला चालत नसे, आणि सरदाराला आपल्या जहागिरीवर जाऊन राहावे लागे किंवा तुरुंगाची वाट धरावी लागे. असे पत्र घरच्या माणसांनाही राजाकडून मागवून घेता येई. पुढे क्रांतीत वक्ता म्हणून गाजलेला मिराबो १७७७ ते १७८० या काळात व्हँसेनच्या किल्ल्यात कोंडला गेला, तो स्वतःच्या वडिलांच्या मागणीवरून. पदवीचीही एक नाजूक बाजू होती. किरकोळ दुकानदारी किंवा हातकामाचा धंदा करणाऱ्या सरदारावर सरदारकीचे हक्क गमावण्याची पाळी येई. सागरी व्यापाराला मात्र १६६९ च्या फर्मानाने मुभा दिली होती. कंगाल सरदाराने दुसऱ्या अंकात कापडाचे दुकान थाटले, असे लिहिण्यापूर्वी लेखकाने हे ध्यानात घ्यावे, कारण इथे पोट भरण्याचा उपायच माणसाला त्याच्या वर्गातून बाहेर काढतो, आणि त्यात एक पूर्ण प्रवेश दडलेला आहे.

विवाहाच्या करारनाम्याची खुंटी निवडली तर गोमंतकीय लेखकाचे काम बरेच हलके होते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कुटुंबकायदा आपल्याकडे अजून चालतो, लग्नाआधी मालमत्तेचा करार नोंदवता येतो, आणि तो केला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, हे इथल्या बहुतेक घरांना ठाऊक असते. त्यामुळे एका सहीने कोणाचे काय जाईल हे प्रेक्षकाला समजावत बसण्याची गरज नाही. मंचावर कागद आणि दौत ठेवली की पुरे.

खुंटी ठरली की ती डोळ्यांना दिसेल अशी एखादी वस्तू शोधावी. फ्रेंच दरबारात राणीसमोर बसण्याचा हक्क डचेसना, म्हणजे ड्यूक या वरच्या पदाच्या सरदारांच्या पत्नींना, असे, आणि बसायला मिळे ते पाठ आणि हात नसलेले, गादी लावलेले एक छोटे स्टूल. त्यांच्याहून खालच्या पदाच्या सरदारपत्नी उभ्या राहत. एवढ्याशा स्टुलासाठी घराणी वर्षानुवर्षे झुरत. पालखीला खांदा कोणी लावायचा आणि प्रसाद आधी कोणाच्या हातावर पडायचा, यावरून महाजनांत आणि मानकऱ्यांत केवढा ताण येतो हे आपल्या गावच्या प्रेक्षकाने पाहिलेले असते, त्यामुळे स्टुलाचा मान त्याला पहिल्याच प्रवेशात उमगतो. नेपथ्याला पैसे नसतील तर मागे काळा पडदा, चार स्त्रिया आणि एक स्टूल एवढ्यावर दरबार उभा करता येतो. पहिल्या अंकात डचेसने मागे न पाहता बसावे. स्टूल आपल्यामागे आणून ठेवले जाणारच, ही तिची जन्माची सवय. घराणे मर्जीतून उतरल्यावर तिने तशाच सवयीने गुडघे वाकवावेत, डावा हात घागऱ्याच्या घेरातून मागे जावा, हाताला काही लागू नये, आणि तिने क्षणभर तशीच थांबून पुन्हा ताठ उभे राहून आपले वाक्य पूर्ण करावे. तिला पाडू नये आणि रडवूही नये. तालमीत ही एकच हालचाल पुनःपुन्हा घ्यावी, कारण ती साधली तर पानभर संवाद कापता येतो.

आता दैव आणि मन यांची पावले वेगळी कशी ठेवायची, हे लोझाँ आणि राजाची चुलतबहीण यांच्या प्रकरणावरून शिकावे. या विषयावर लिहू पाहणाऱ्याने दुसरे काही वाचले नाही तरी चालेल, एवढे ते प्रकरण मोलाचे आहे. मोंपाँसिएची डचेस ही चौदाव्या लुईची सख्खी चुलतबहीण, १६२७ मध्ये जन्मलेली आणि अफाट मालमत्तेची धनीण. १६५२ मधल्या सरदारांच्या बंडात तिने पॅरिसच्या बास्ती (बॅस्टिल) किल्ल्याच्या तटावरून राजाच्या सैन्यावर तोफा डागवल्या होत्या. अनेक राजघराण्यांची स्थळे आली आणि मोडली. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तिचे मन जडले ते गास्कनीतल्या एका घराण्याचा धाकटा मुलगा आणि राजाच्या अंगरक्षकांचा कप्तान असलेल्या लोझाँवर. डिसेंबर १६७० मध्ये राजाने लग्नाला होकार दिला. तेवढ्यावर घाईने लग्न उरकून घ्यावे तर दोघे थाटामाटाच्या तयारीला लागली. तिने आपल्या मोठमोठ्या जहागिरी त्याच्या नावे करून देण्याचे कागद केले. राणी, राजाचा भाऊ आणि इतर आप्त राजाच्या कानी लागले की, हे लग्न झाले तर तुमची शोभा होईल. आणि होकारानंतर तिसऱ्या दिवशी राजाने शब्द मागे घेतला. हातातोंडाशी आलेला घास गेला. तो निर्णय सांगताना राजाही आपल्याबरोबर रडला, असे तिने आपल्या आठवणींत लिहिले आहे.

इथे कच्चा लेखक पडदा पाडील. प्रकरणाचा गाभा मात्र पुढेच आहे. नोव्हेंबर १६७१ मध्ये लोझाँला पकडून आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या पिन्यरोलच्या किल्ल्यात टाकण्यात आले आणि तो तिथे सुमारे दहा वर्षे राहिला. या साऱ्या काळात तिचे मन ढळले नाही. त्याच्या सुटकेसाठी तिने ओ परगणा आणि दोंबचे संस्थान राजाच्या अनौरस मुलाला, मेनच्या ड्यूकला, देऊन टाकण्याचे मान्य केले. १६८१ मध्ये तो सुटला, आणि मग जे राजाच्या रागाने आणि दगडी भिंतींनी केले नव्हते ते सहवासाने केले. दोघांत खटके उडू लागले आणि १६८४ मध्ये तिने त्याला कायमचे दूर केले. ती १६९३ मध्ये वारली. त्याचे दैव मात्र त्याआधीच पुन्हा उघडले होते: १६८८ च्या डिसेंबरात त्याने इंग्लंडच्या राणीला आणि तिच्या तान्ह्या मुलाला खाडीपार सुखरूप फ्रान्समध्ये आणले, राजाची मर्जी परत मिळवली आणि १६९२ मध्ये तो ड्यूक झाला. दैव तीन दिवसांत फिरले. मनाला फिरायला तेरा वर्षे लागली, आणि ते फिरले तेव्हा दैवाने काहीही बिघडवलेले नव्हते. नाटककाराला हवी ती चुरस या दोन अंतरांमध्ये आहे.

यावरून एक कामाची पद्धत निघते. संहितेला हात घालण्यापूर्वी कागदाच्या मध्ये उभी रेघ ओढावी, डावीकडे पात्राचे दैव ज्या ज्या प्रवेशात फिरते ते लिहावे आणि उजवीकडे त्याचे मन ज्या प्रवेशात फिरते ते. दोन्ही नोंदी समोरासमोर आल्या तर मनाची नोंद खाली ढकलावी, निदान एका प्रवेशाने. ढकलल्यावर मध्ये जो प्रवेश मोकळा राहतो, तोच बहुधा नाटकातला सर्वांत चांगला प्रवेश ठरतो, कारण त्यात माणूस नव्या परिस्थितीत जुन्या मनाने वागत असतो: कंगाल झालेला हुकूम सोडतो, किंवा नुकताच वर चढलेला सवयीने उठून उभा राहतो.

मन आधी आणि दैव मागून, हा उलटा क्रमही इतिहासात सापडतो आणि तो अधिक अवघड आहे. जुलै १७८९ मध्ये खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांचे उठाव पसरले होते. ४ ऑगस्टच्या रात्री व्हर्सायमध्ये राष्ट्रीय सभेच्या बैठकीत वाइकाउंट नोआय या फारशी मालमत्ता नसलेल्या सरदाराने सरंजामी हक्क रद्द करण्याची सूचना मांडली, आणि मोठ्या धनाढ्यांपैकी एक असलेल्या एग्वियाँच्या ड्यूकने तिला दुजोरा दिला. मग एकामागून एक सरदार आणि धर्मगुरू उठून आपापले हक्क सोडत गेले, ते पार मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. त्यात भीती होती, हिशेब होता, खरा उमाळाही होता. हे तिन्ही एकाच पात्राच्या तोंडी घालू नये. तीन पात्रांत वाटावे, म्हणजे प्रेक्षकाला प्रत्येकाची नियत वेगळी पारखता येते. १९ जून १७९० रोजी वंशपरंपरागत सरदारकीच रद्द झाली. त्या दिवसाचा प्रवेश लिहिताना पुष्कळांचे अवसान आदल्या वर्षीच्या त्या रात्रीहून वेगळे असावे.

प्रेक्षकाला आधी ठाऊक आणि नायकाला नंतर, ही जुनी युक्ती फुकेच्या कथेत आयतीच मिळते. निकोला फुके हा चौदाव्या लुईचा वित्तप्रमुख. १७ ऑगस्ट १६६१ रोजी त्याने व्हो-ल-व्हिकोम्त इथल्या आपल्या नव्या वाड्यात राजाला थक्क करणारी मेजवानी दिली, आणि ५ सप्टेंबरला, म्हणजे राजाच्या तेविसाव्या वाढदिवशी, नांत शहरात दार्तान्याँ या अधिकाऱ्याने त्याला पकडले. मेजवानीतल्या झगमगाटाने राजाच्या पोटात दुखले आणि फुके बुडाला, अशी कथा सांगतात. त्यापेक्षा खरी हकीकत नाटकाला जास्त उपयोगी आहे. त्याला बुडवायचा बेत मेजवानीच्या आधीच शिजला होता. पॅरिसच्या वरिष्ठ न्यायपीठातले एक पद त्याच्याकडे होते, आणि त्या पदामुळे त्याच्यावर खटला चालवायचा तर त्या न्यायपीठापुढेच चालवावा लागला असता. गोड बोलून त्याला ते पद विकायला लावले गेले. ती विक्री पहिल्या अंकात दाखवावी आणि मेजवानी दुसऱ्यात. मग कारंजी, दिवे आणि नाच सुरू असताना प्रेक्षक एकटाच धास्तावलेला असतो, आणि नटाला काहीही जास्तीचे करावे लागत नाही. १६६४ च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी त्याला हद्दपारीची शिक्षा दिली. राजाने ती वाढवून जन्मठेप केली, आणि १६८० मध्ये तो पिन्यरोलच्याच किल्ल्यात वारला.

पिन्यरोल हे नाव दोनदा आले, आणि लेखकाने ते हेरायला हवे. लोझाँ आणि फुके एकाच किल्ल्यात होते आणि लोझाँने चोरवाट करून फुकेची कोठडी गाठली. लोझाँचा साडू असलेला सँ-सिमों हा ड्यूक आपल्या आठवणींत सांगतो की, फुकेला हा माणूस दरबारात नुकता आलेला एक गरीब पोरगा म्हणून आठवत होता. लोझाँ जेव्हा सांगू लागला की मी राजाचा सेनानी झालो आणि राजाच्या चुलतबहिणीशी माझे लग्न ठरले होते, तेव्हा बिचाऱ्या म्हाताऱ्याला खात्री पटली की तुरुंगात याचे डोके फिरले. एकाचे चढलेले आणि पडलेले दैव दुसऱ्याला थापा वाटावे, असा प्रवेश कल्पनेने सुचणे कठीण. दोन नट आणि चोरवाटेचे एक भोक एवढ्यावर तो होतो, आणि एकांकिका म्हणूनही तो स्वतंत्र उभा राहील.

पैशाच्या खुंटीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण शेअरचे भाव मंचावर फार काळ रंगत नाहीत. जॉन लॉ या स्कॉटिश माणसाच्या मिसिसिपी कंपनीचा ५०० लिव्रचा (लिव्र हे तेव्हाचे फ्रेंच चलन) शेअर १७१९ च्या अखेरीस १०,००० लिव्रच्या आसपास पोहोचला. पॅरिसच्या कँकाँपुआ गल्लीत सरदार आणि नोकर एकाच गर्दीत खरेदीविक्री करीत. १७२० मध्ये सारे कोसळले आणि डिसेंबरात लॉ देश सोडून पळाला. या काळात मालकाचा खानसामा मालकाहून श्रीमंत झाला असे दाखवले तर ते अतिशयोक्त ठरणार नाही. फक्त त्याला लगेच उर्मट करू नये. वर सांगितलेला रेघेचा नियम त्यालाही लागू आहे. १७८२ चे गेमेने प्रिन्सचे दिवाळे मला याहून जास्त नाट्यमय वाटते. कर्ज ३ कोटी लिव्रच्या वर गेले होते आणि बुडालेल्यांत छोटी छोटी माणसेही होती. त्याची पत्नी राजाच्या मुलांची पालनकर्ती होती. तिला ते पद सोडावे लागले आणि ते राणीच्या मर्जीतल्या पोलिन्याक डचेसकडे गेले. दरबारात जागा रिकामी राहत नाही. एकीच्या पडण्याच्या प्रवेशातच दुसरीच्या चढण्याची पावले ऐकू यावीत.

क्रांतीचा काळ घेतला तर गिलोटिन मंचावर आणू नये. उत्सवाच्या मंडपात लाकडी पाते खाली आले की मुले हसतात, आणि त्यांचा दोष नसतो. पडझड दाखवायची तर ला तूर द्यू पँ या घराण्यातल्या स्त्रीसारखा प्रसंग घ्यावा. राणी मारी आंत्वानेतच्या सेवेत राहिलेली ही तरुण सरदारपत्नी १७९४ मध्ये नवरा आणि मुलांसह बोर्दोहून जहाजाने बोस्टनला गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीजवळ तिने शेती केली, लोणी काढून विकले. एकदा ती अंगणात कुऱ्हाडीने मटणाची तंगडी तोडत असता मागून आवाज आला, आणि वळून पाहते तो तालेराँ, जुन्या ओळखीचा मुत्सद्दी, उभा. त्याच वर्षी तिचे वडील पॅरिसमध्ये गिलोटिनवर गेले होते. इथे दैव तळाला गेले आहे आणि मन अजिबात पालटलेले नाही. ती स्वतःची कीव करीत नाही. असे पात्र करणाऱ्या नटीला लेखकाने रडण्याची एकही जागा देऊ नये. हातातले काम तेवढे खरे द्यावे: कुऱ्हाड, पाट, हाडावर बसणारे घाव, आणि पाहुणा आल्यावर कपाळावरचे केस मनगटाने मागे सारणे, कारण बोटे माखलेली आहेत.

वार्ता आणणाऱ्या पात्राकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. दैव पालटल्याची बातमी एका दमात सांगून निघून जाणारा सेवक हा फुकट घालवलेला नट असतो. १५ डिसेंबर १६७० रोजी मादाम द सेव्हिन्ये या सरदारस्त्रीने लोझाँच्या लग्नाची बातमी आपल्या नातलगाला लिहिली तेव्हा तिने आधी विशेषणांची रांग लावली, मग ओळखा पाहू म्हणत त्याला झुलवले, चुकीची नावे सुचवली आणि अगदी शेवटी खरे नाव सांगितले. निरोप्याला असाच आपला स्वार्थ आणि आपली मजा द्यावी. बातमी त्याच्यासाठी मालमत्ता आहे आणि ती तो सावकाश खर्च करतो.

संवादांत या मंडळींनी एकमेकांना ‘आपण’च म्हणावे, पतिपत्नींनीही, कारण त्या घराण्यांत नवराबायको एकमेकांना आदरार्थीच बोलत. आवाज चढवण्याची मुभा नोकरांना आणि पोरासोरांना. सरदार जितका दुखावलेला तितका त्याचा शब्द मऊ आणि वाक्य लांब. आपल्या ऐतिहासिक नाटकांतली पल्लेदार भाषणे ज्या नटांच्या गळ्यात बसली आहेत त्यांना हे जड जाते, तेव्हा पहिल्या काही तालमी बसून, हळू आवाजात घ्याव्यात.

गोव्याचा धागा हवाच असेल तर तो खऱ्या जागी जोडावा. फ्रेंचांच्या धास्तीने ब्रिटिश फौज १७९९ ते १८१३ पर्यंत गोव्यात तळ देऊन होती, आणि पणजीच्या म्हामाय कामत घराण्याचा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंचांशी व्यापारी व्यवहार होता. पॅरिसची बातमी जहाजाने कित्येक महिन्यांनी मांडवीच्या काठी पोहोचते, आणि ती ऐकणाऱ्याला ठाऊक नसते की मधल्या काळात दैव पुन्हा एकदा फिरले असेल, ही कल्पना दोन अंकांना पुरेल. सबंध कथा उचलून गोव्यातल्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, वाड्यात नेण्याचा मोह मात्र टाळावा. कूळकायदा १९६४ चा आणि भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीचा मुंडकार कायदा १९७५ चा. तो बदल विधानसभेतून आला, एका माणसाच्या मर्जीतून नव्हे, आणि खुंटीच वेगळी असल्याने संवाद ठिकठिकाणी खोटे वाटू लागतात. नटांना समजावताना, अंगणात उभा राहणारा माणूस ज्या दिवशी खुर्चीवर बसला त्या दिवशीची वाड्यातली शांतता त्यांना आठवायला सांगावी. पुष्कळांच्या घरात ती गोष्ट सांगितली गेलेली असते.

शेवटी वेळेचा विचार. स्पर्धेत प्रेक्षक पहिल्या घंटेपासून जागेवर असतो. जत्रेत तो पालखी झाल्यावर, फेरीत खाजे घेऊन, पोरे झोपवून येतो, आणि नाटक रात्री उशिरा चढते. म्हणून उत्सवी प्रयोगासाठी खुंटी दोनदा दाखवावी, एकदा पहिल्या अंकात आणि एकदा मध्यंतरानंतरच्या पहिल्या प्रवेशात, आणि दुसऱ्या वेळी ती वेगळ्या पात्राच्या हाती असावी: पहिल्यांदा करारनामा सही करणारीकडे, दुसऱ्यांदा तो पेटीत जपून ठेवणाऱ्या तिच्या कारभाऱ्याकडे. उशिरा आलेल्याला कथा कळते, आणि आधीपासून बसलेल्याला कागद कोणाकडे गेला हे नव्याने कळते.